अपलायन आणि दान

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील त्रेचाळिसाव्या श्लोकात भगवंतांनी क्षात्रस्वभावाची सात लक्षणे सांगितली आहेत. शौर्य, तेज, धैर्य, दक्षता, युद्धातून न पळणे, दान आणि स्वामीभाव असा त्यांचा क्रम आहे. ह्या क्रमाकडे साधकाने अवश्य लक्ष द्यावे. पहिली पाच लक्षणे वाचताना डोळ्यांपुढे रणभूमी उभी राहते. परंतु पाचवे लक्षण संपते न संपते तोच भगवंत दानाचे नाव घेतात. ज्याने रणात पाठ दाखविली नाही त्याचा हात घरी परतल्यावर देण्यासाठी उघडा असला पाहिजे, असाच ह्या सान्निध्याचा भाव दिसतो. न पळणे आणि देणे ही दोन लक्षणे एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत. रणात मनुष्य देहाचा लोभ सोडतो, तर दानात फळाचा लोभ सोडतो. ज्याला पहिले साधले आणि दुसरे साधले नाही, त्याचे शौर्य अर्ध्यावरच राहिले असे समजावे.

सैनिकाच्या आयुष्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात तो पलटणीत असतो. तेथे आज्ञा असते, शिस्त असते, शेजारी सहकारी असतात आणि समोर शत्रू स्पष्ट दिसत असतो. दुसऱ्या भागात तो गावी परततो. तेथे कोणी आज्ञा देत नाही, कोणी मानवंदना देत नाही आणि शत्रूही डोळ्यांनी दिसत नाही. आळस, पूर्वीच्या पराक्रमाचा अभिमान, व्यसन, भाऊबंदकी आणि ‘आता माझे काम झाले’ ही समजूत, हेच तेथले शत्रू होत. पहिल्या भागात न पळालेले कितीतरी वीर ह्या दुसऱ्या भागात नकळत पळून जातात. म्हणून निवृत्त सैनिकाची खरी परीक्षा निवृत्तीनंतर होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. ह्या परीक्षेत उतरलेल्या एका गृहस्थाचे चरित्र मनन करण्याजोगे आहे.

बदरीनारायणाच्या यात्रेस जाणाऱ्या भाविकांना कर्णप्रयाग हे स्थान परिचित आहे. अलकनंदा आणि पिंडर ह्या दोन नद्यांचा तेथे संगम होतो. उत्तराखंडातील पंचप्रयागांपैकी हा एक प्रयाग असून, दानवीर कर्णाने येथे सूर्यनारायणाची आराधना केली अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. संगमावर कर्णाचे मंदिरही आहे. ह्याच चमोली जिल्ह्यातील कफारतीर नावाच्या डोंगरी गावचे दरवानसिंह नेगी. गढवालातील इतर अनेक तरुणांप्रमाणे तेही सैन्यात भरती झाले. डोंगराच्या उतारावरील पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात वर्षभर पुरेल इतके धान्य पिकत नसे. म्हणून घरातील एक मुलगा पलटणीत जाई, त्याच्या पगारावर घर चाले, आणि त्याच्या मागे त्याची आई व पत्नी गवत, लाकूडफाटा आणि पाणी डोक्यावर वाहून संसार सांभाळीत. गढवालच्या घरोघरी अशीच स्थिती होती.

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले तेव्हा नेगी ३९ व्या गढवाल रायफल्सच्या पहिल्या पलटणीत नाईक होते. त्या वर्षीच्या शरद ऋतूत ही पलटण फ्रान्सच्या भूमीवर उतरली. २३ नोव्हेंबरच्या रात्री फेस्तुबेर गावाजवळ शत्रूने बळकावलेले खंदक परत घेण्याचे काम गढवाली सैनिकांकडे आले. खंदक सरळ नसतात. थोड्या थोड्या अंतरावर त्यांना वळणे असतात, आणि प्रत्येक वळणापलीकडे काय दडले आहे हे पुढे गेल्याखेरीज कळत नाही. बंदुकीच्या गोळ्या आणि हातबाँब अगदी जवळून येत असताना प्रत्येक वळणावर सर्वांत पुढे शिरणाऱ्यांमध्ये नेगी होते. त्यांच्या मस्तकावर दोन ठिकाणी जखमा झाल्या, हातावरही जखम झाली. तरी ते मागे वळले नाहीत. भगवंतांनी सांगितलेले पाचवे लक्षण त्या रात्री फ्रान्सच्या चिखलात प्रत्यक्ष दिसले.

ह्या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्याचे सर्वोच्च युद्धपदक मिळाले. भारतीय सैनिकांना ह्या पदकासाठी पात्र मानण्याचा निर्णय १९११ मध्येच झाला होता, आणि ते मिळविणाऱ्या अगदी पहिल्या भारतीयांत नेगींची गणना होते. ५ डिसेंबर १९१४ रोजी राजा पाचवा जॉर्ज ह्याने फ्रान्समध्येच ते स्वहस्ते त्यांच्या छातीवर लावले. त्या प्रसंगासंबंधी गढवालात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आणखी काय हवे, असे राजाने विचारले तेव्हा नेगींनी स्वतःसाठी काही मागितले नाही. कर्णप्रयागला एक शाळा व्हावी, एवढेच त्यांनी मागितले. ऋषिकेशहून कर्णप्रयागपर्यंत लोहमार्ग व्हावा, हीही मागणी त्यांनी केल्याचे सांगतात. शाळा झाली. महायुद्ध संपण्याच्या सुमारास, १९१८ साली, कर्णप्रयागला माध्यमिक शाळा स्थापन झाली आणि युद्धाचे स्मारक म्हणूनच ती ओळखली गेली. लोहमार्गाला मात्र फार काळ जावा लागला. सुमारे सव्वाशे किलोमीटरच्या आणि बहुतांश बोगद्यांतून जाणाऱ्या त्या मार्गाचे काम एकविसाव्या शतकात हाती घेण्यात आले.

आता विचार करावा. नुकताच मृत्यूच्या दाढेतून परतलेला, जखमांवरच्या पट्ट्याही न सुटलेला एक गरीब डोंगरी सैनिक, आणि त्याच्यासमोर पृथ्वीच्या मोठ्या भागावर सत्ता चालविणारा राजा. अशा वेळी जमीन मागता आली असती, वतन मागता आले असते, मुलाबाळांना आयुष्यभर पुरेल इतके द्रव्य मागता आले असते. त्यात अधर्मही नव्हता, कारण त्याने ते रक्त सांडून कमावले होते. मनुष्याच्या मुखातून अकस्मात जी मागणी निघते, तीच त्याच्या अंतःकरणाची खरी ओळख असते. विचार करून मागितलेल्या वस्तूत चातुर्य असू शकते. अवचित मागितलेल्या वस्तूत मात्र आयुष्यभर जोपासलेली वृत्तीच प्रकट होते. फ्रान्सच्या थंडीत उभ्या असलेल्या त्या सैनिकाच्या मनात त्या क्षणी आपल्या डोंगरातील मुले होती. अक्षरओळखीपलीकडचे शिक्षण घ्यायचे तर त्या मुलांना घर सोडून, डोंगर ओलांडून दूर जावे लागे, आणि ज्यांची ऐपत नसे ती तेथेच राहत.

येथे कोणी शंका घेईल की गीतेने फळाची इच्छा सोडण्यास सांगितले आहे. मग मागणे हे निष्काम कसे? ह्याचे उत्तर असे की, गीता फळाची आसक्ती सोडण्यास सांगते, फळाचा नाश करण्यास सांगत नाही. शेतकऱ्याने पेरले तर पीक येणारच. ते शेतातच कुजू देणे म्हणजे वैराग्य नव्हे. त्यातून अतिथीला, पशुपक्ष्यांना आणि भुकेल्यांना देऊन उरलेले आपण खाणे, हे वैराग्य होय. तिसऱ्या अध्यायाच्या तेराव्या श्लोकात यज्ञ करून उरलेले अन्न सेवन करणाऱ्या सज्जनांचा गौरव आहे आणि केवळ स्वतःसाठी शिजविणाऱ्यांचा निषेध आहे. पराक्रमाचे फळ राजाच्या हातातून समोर आले तेव्हा नेगींनी ते नाकारले नाही आणि एकट्याने खाल्लेही नाही. त्यांनी ते आपल्या भूमीतील मुलांच्या पानात वाढले. फळाचा त्याग कसा करावा, हे ह्याहून सोप्या रीतीने समजाविता येणार नाही.

सतराव्या अध्यायाच्या विसाव्या श्लोकात सात्त्विक दानाची कसोटी दिली आहे. देणे हे कर्तव्य आहे ह्या भावनेने, परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य स्थळी, योग्य काळी आणि योग्य पात्र पाहून जे दिले जाते, ते सात्त्विक दान. कर्णप्रयागची शाळा ह्या कसोटीला लावून पाहावी. स्थळ म्हणाल तर दोन नद्यांचा संगम, जेथे दोन खोऱ्यांतल्या वाटा एकत्र येतात. काळ म्हणाल तर ज्या वेळी गढवालच्या घराघरांतील तरुण परमुलुखात लढत होते आणि मागे राहिलेल्या मुलांचा सांभाळ हाच सर्वांत मोठा प्रश्न होता. आणि पात्र म्हणाल तर अजून जन्मालाही न आलेली मुले, जी दात्याची परतफेड कधीच करू शकणार नव्हती. ज्यांना त्याचे तोंडही पाहायला मिळणार नव्हते, त्यांना त्याने दिले.

त्याच संगमाशी नाव जोडलेल्या कर्णाचे दान ह्याच्या शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक सूक्ष्म भेद लक्षात येतो. कर्णाने इंद्राला अंगावरची कवचकुंडले काढून दिली. त्याहून मोठे दान कोणते असणार? तथापि महाभारताच्या वनपर्वात, सूर्यदेवाने सावध केले तेव्हा कर्णाने आपला हेतू स्पष्ट सांगितला आहे. प्राणापेक्षाही त्याला कीर्ती प्रिय होती. दान थोर, परंतु त्याच्या मुळाशी कीर्तीचा एक धागा राहिला. कर्णाची थोरवी कमी करण्यासाठी हे सांगितलेले नाही. तात्पर्य एवढेच की, ज्याच्याजवळ कीर्ती नाही त्याने ती सोडणे सोपे असते. ज्याला कीर्ती मिळाली आहे त्याने तिचे मोल दुसऱ्यांच्या कामी लावणे फार कठीण. नेगींना कीर्ती न मागता मिळाली, आणि मिळताच त्यांनी तिचे मोल शाळेच्या रूपाने समाजाला देऊन टाकले.

मागण्याचा क्रम कसा असावा हे कठोपनिषदातील नचिकेत्याच्या कथेत पाहावयास मिळते. यमधर्माने त्या बालकाला तीन वर दिले. पहिल्या वराने त्याने पित्याच्या मनाची शांती मागितली. दुसऱ्या वराने त्याने तो अग्नी जाणून घेतला, ज्याच्या आधारे लोक स्वर्गाची प्राप्ती करून घेतात. तिसऱ्या वेळी मात्र त्याने आत्मज्ञान मागितले आणि यमाने पुढे केलेले सगळे भोग नाकारले. आधी घर, मग लोक, मग आत्मा, हा तो क्रम होय. घराला दुःखात ठेवून लोकसेवा करू पाहणारा आणि लोकांकडे पाठ फिरवून आत्मज्ञान शोधणारा, हे दोघेही ह्या क्रमाला चुकतात. समर्थ रामदासस्वामींनीही प्रपंचाची हेळसांड करून परमार्थाची वाट धरणाऱ्याला दासबोधात बजाविले आहे.

म्हणून निवृत्त सैनिकाचे पहिले कर्तव्य घरीच आहे. जी माता वर्षानुवर्षे पत्राची वाट पाहत राहिली, जी पत्नी एकटीने शेत, जनावरे आणि मुले सांभाळीत राहिली, तिला पदक मिळाले नाही. परंतु तिनेही एक युद्ध लढले आहे, आणि तीही पळाली नाही. खांद्यावरची बंदूक उतरली, की तिच्या डोक्यावरचा भार आपल्या खांद्यावर घ्यावा. मुलांना आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगण्याआधी त्यांचे सुखदुःख ऐकावे. पलटणीत आज्ञा चालते, घरात प्रेम चालते. हा भेद ज्याला कळला नाही त्याचे घर छावणी होते, आणि छावणीत कोणी मनापासून राहत नाही. सातवे लक्षण जो स्वामीभाव, त्याचा अर्थ टीकाकार शासन करण्याचे सामर्थ्य असा करतात. गृहस्थाने त्याचा अर्थ असा घ्यावा की, ज्यांचे रक्षण आपल्याकडे आले आहे त्यांना आपल्या असण्याने निर्भय वाटावे. ज्याच्या पावलांच्या आवाजाने घरातली माणसे गप्प होतात तो स्वामी नव्हे. ज्याच्या पावलांच्या आवाजाने त्यांचा जीव भांड्यात पडतो तो स्वामी. नेगी पुढे सुभेदार झाले, निवृत्त होऊन आपल्या पहाडात राहिले आणि १९५० साली त्यांनी देह ठेवला. सैन्यसेवेची परंपरा त्यांच्या घराण्यात पुढील पिढ्यांतही चालू राहिली. वडिलांच्या मार्गाने मुले स्वेच्छेने जातात, ही कुटुंबाने दिलेली मोठीच पावती समजावी.

आणखी एक शंका मनात उभी राहते, आणि ती टाळणे योग्य होणार नाही. ते युद्ध परक्यांचे होते. राजा परका होता, भूमी परकी होती, आणि ज्याच्यासाठी रक्त सांडले ते साम्राज्य भारताला दास्यात ठेवीत होते. अशा युद्धातील शौर्याला धर्माचे शौर्य कसे म्हणावे? ही शंका खरी आहे. युद्धाच्या हेतूचा निर्णय त्या शेतकऱ्याच्या मुलाच्या हातात नव्हता. दारिद्र्याने त्याला भरतीच्या मैदानावर आणले होते. परंतु त्या युद्धातून जे मिळाले त्याचा विनियोग कोणासाठी करावा, हा निर्णय त्याच्या हातात होता, आणि तो त्याने आपल्या लोकांच्या बाजूने दिला. परक्याच्या खजिन्यातून त्याने आपल्या मुलांसाठी विद्या काढून आणली. मनुष्याच्या स्वाधीन नसलेल्या गोष्टींवरून त्याची परीक्षा करू नये. जेवढे स्वाधीन आहे तेवढ्यात त्याने काय केले हे पाहावे.

आणि ज्या वेळी आज्ञाच अधर्माची होती त्या वेळी गढवालच्या ह्याच सैनिकी परंपरेतून दुसरे उत्तरही आले. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावर येथे निःशस्त्र पठाण सत्याग्रहींवर गोळी चालविण्याची आज्ञा झाली, तेव्हा रॉयल गढवाल रायफल्समधील हवालदार चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चालविण्यास नकार दिला. चंद्रसिंहही पहिल्या महायुद्धात लढलेले होते. ह्या नकारासाठी त्यांनी अकरा वर्षांचा तुरुंगवास सोसला. १९४१ साली त्यांची सुटका झाली. येथेही तेच पाचवे लक्षण दिसते. शत्रूच्या गोळीपुढून न पळणे हे जसे शौर्य, तसेच आपल्या विवेकापुढून न पळणे हेही शौर्यच. शस्त्र कोठे चालवावे आणि कोठे खाली ठेवावे, हे ज्याला कळते त्याचेच शस्त्र पवित्र.

पलटणीतून सगळेच परतत नाहीत. गढवालचेच गबरसिंह नेगी १० मार्च १९१५ रोजी न्यू शापेलच्या लढाईत धारातीर्थी पडले; त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. जो परत येतो त्याच्यावर न परतलेल्यांचे ऋण असते. आपण जगलो आणि शेजारचा पडला, ह्यात आपला गुण कोणता? काहीच नाही. म्हणून उरलेले आयुष्य हे आपले एकट्याचे नाही, ते अनेकांच्या वतीने आपल्याकडे ठेव म्हणून आले आहे, असे परतलेल्याने मानावे. कर्णप्रयागची शाळा युद्धस्मारक म्हणून ओळखली गेली ह्याचा अर्थ येथे उलगडतो. मृतांचे स्मारक दगडाचेही करता येते, आणि दगडही पूज्य आहे. परंतु त्यांच्या मुलांना शहाणे करणारे स्मारक त्याहून अधिक काळ टिकते. शास्त्राने सांगितलेल्या ऋणांपैकी पितृऋण घर सांभाळून फिटते, तर ऋषिऋण विद्येची परंपरा पुढे चालविल्याने फिटते. स्वतः फारसे शिकण्याची संधी न मिळालेल्या मनुष्यालाही शाळा उभी करविल्याने हे ऋण फेडता येते, हे नेगींनी दाखविले. लॅन्सडाउन येथील गढवाल रायफल्सच्या संग्रहालयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. तेथे त्यांच्या शौर्याची स्मृती जपली जाते, तर त्यांच्या दानाची स्मृती कर्णप्रयागच्या वर्गांतून अक्षरे गिरविणाऱ्या मुलांनी जपली.

हे चरित्र केवळ सैनिकांसाठी नाही. प्रत्येक गृहस्थाच्या आयुष्यात एक दिवस निवृत्तीचा येतो. कोणी कचेरीतून, कोणी शाळेतून, कोणी कारखान्यातून, कोणी दुकानाच्या गादीवरून उठतो. त्या दिवशी हार मिळतो, चार चांगले शब्द मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न उभा राहतो की आता काय? जो म्हणतो, ‘माझे झाले, आता मला कोणी काही सांगू नये,’ तो पळाला. जो म्हणतो, ‘आजवर वेतन घेऊन केले, आता वेतनावाचून करीन,’ त्याचा यज्ञ तेथून सुरू होतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने एवढे तरी स्मरावे की, ते द्रव्य समाजाच्या कष्टांतून आलेले आहे. त्यातील काही भाग समाजाकडे परत जाणे हा उपकार नव्हे, तो हिशेब आहे.

फार मोठे काही करावयास हवे असे नाही. सगळ्यांनाच राजा भेटत नाही आणि सगळ्यांनाच वर मिळत नाही. परंतु घरातील वृद्धांच्या उशाशी रोज घटकाभर बसणे, शेजारच्या एका गरीब मुलाला नियमाने शिकविणे, गावच्या झऱ्याची वा विहिरीची साफसफाई आपल्या अंगावर घेणे, भावाशी बांधावरून चाललेला तंटा आपणहून मिटविणे, सहकाऱ्याच्या विधवेला सरकारी कागदपत्रांसाठी हेलपाटे घालावे लागू नयेत म्हणून स्वतः तिच्यासाठी कचेरीत जाणे, एवढे तर कोणालाही करता येईल. ह्यातील कोणत्याही कर्मासाठी पदक मिळत नाही, आणि हीच त्याची शुद्धता होय. अठराव्या अध्यायाच्या सेहेचाळिसाव्या श्लोकात भगवंतांनी सांगितले आहे की, ज्याच्यापासून सर्व प्राणी उत्पन्न झाले आणि ज्याने हे सर्व व्यापले आहे, त्याची आपल्या कर्माने पूजा करून मनुष्य सिद्धीस पोहोचतो. फुले वाहून पूजा होते, तशी ती पाण्याचा हंडा उचलूनही होते आणि एखाद्या मुलाची पाटी पुसून त्यावर पुढचे अक्षर काढून देऊनही होते.

प्रत्येक गृहस्थाने रात्री निजण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. आज मी कोठून पळालो? आणि आज माझ्या हातून कोणाला काय गेले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘कोठूनही नाही’ असे येऊ लागेल आणि दुसऱ्याचे उत्तर देताना हिशेब आठवेनासा होईल, त्या दिवशी गीतेतील ती दोन लक्षणे आपल्या घरात वस्तीला आली असे समजावे. रणभूमी सर्वांच्या वाट्याला येत नाही, पण घर आणि शेजार सर्वांच्या वाट्याला आलेले आहेत. तेथे पाय रोवून उभे राहण्याचे आणि तेथेच मुक्त हस्ताने देण्याचे बळ भगवान श्रीकृष्ण सर्वांना देवोत.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥